हापूसवर लेप: देवगडच्या बागेतल्या नोंदी, हंगाम २०२५

६ एप्रिल, रविवार

रामनवमीचा प्रसाद झाला आणि लगेच बाबांकडे एक पेटी मागितली. पाच डझन, सगळे एकाच बाजूच्या कलमांचे, अडीचशे ग्रॅमच्या आसपासचे. "पेटीभर आंबे खेळाक व्हये तुका? तेही एप्रिलात?" असं म्हणत त्यांनी आधी डागी माल पुढे सरकवला. डागी आंब्याला काहीही लावलं तरी उत्तर डागीच येणार, हे पटेपर्यंत दोनदा चहा झाला.

आमची अडचण साधी आहे. तोडलेला हापूस घरच्या हवेत नऊ-दहा दिवसांत पिकतो आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत उतरायला लागतो. त्यातले दोन दिवस प्रवासात जातात, एखादा गिऱ्हाइकाच्या सोसायटीच्या गेटवर. शीतगृह आमच्या आवाक्यात नाही. असतं तरी १२-१३ अंशांच्या खाली हापूस गारठतो, साल काळवंडते आणि आत धड पिकत नाही. म्हणून खाता येईल असा लेप देऊन बघायचा.

तोडल्यावरही आंब्याचा श्वास चालूच असतो. ऑक्सिजन आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि सालीवरच्या बारीक छिद्रांतून पाणी उडत राहतं. एका टप्प्यावर त्याचं स्वतःचं इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, वाढतं, श्वास एकदम जोरात होतो, आणि पिकणं सुरू होतं ते थांबत नाही. सालीवर पातळ पापुद्रा बसला की ही ये-जा मंदावते. पापुद्रा जास्त झाला तर आंबा गुदमरतो. किती म्हणजे जास्त, एवढंच मला शोधायचं आहे.

७ एप्रिल, सोमवार

पाच ट्रे, प्रत्येकी एक डझन. पहिल्याला काही नाही. दुसऱ्याला तांदळाची पेज (ही आईची सूचना, तिच्या सुती साड्यांना खळ हीच असते). तिसऱ्याला कोरफड. चौथ्याला कायटोसान १ टक्का. पाचव्याला कायटोसान २ टक्के आणि वर थोडं खोबरेल.

कायटोसान कोळंबीच्या सालींतून काढतात. देवगड बंदरावर साली लागतील तेवढ्या मिळतात, त्यामुळे मागच्या महिन्यात मला वाटलं होतं की घरीच काढू. खळ्यात साली वाळत घातल्या. पहिल्या दिवशी कावळे आले, दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू. तिसऱ्या दिवशी आईने टोपलीसकट सगळं माडाच्या मुळाशी ओतलं. बरंच झालं. आधी सौम्य ॲसिडात चुना काढायचा, मग सौम्य कॉस्टिक सोड्यात प्रथिनं, आणि शेवटी चाळीस-पन्नास टक्क्यांच्या उकळत्या कॉस्टिकमध्ये सालीत उरलेल्या कायटिन नावाच्या द्रव्याचं कायटोसान करायचं. हे शेवटचं काम मागीलदारी करण्यासारखं नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने या उद्योगाचं तंत्र कधीच बसवून दिलेलं आहे. मी खाण्याच्या प्रतीची तयार पूड विकत आणली.

ती नुसत्या पाण्यात विरघळत नाही, आंबट लागतं. चार टक्क्यांचं व्हिनेगर एक लिटर आणि पाणी तीन लिटर, म्हणजे एक टक्का आंबटपणा. त्यात चाळीस ग्रॅम पूड आणि पापुद्रा ठिसूळ होऊ नये म्हणून चार चमचे ग्लिसरीन. रवीने घुसळून रात्रभर ठेवलं. सकाळी पातळ मधासारखं झालं होतं, तळाला गुठळ्या. जुन्या पंचातून गाळलं.

कोरफडीची पानं कापून आधी उभी ठेवली, म्हणजे पिवळा कडू चीक निथळतो. मग गर काढून मिक्सरला लावला, गाळला, ७० अंशांपर्यंत तापवून निववला आणि लिंबू पिळलं. लिंबू नसेल तर गर तासाभरात गुलाबी-तपकिरी होतो.

८ एप्रिल, मंगळवार

सकाळी साडेसहाला तोड. चौदा आणे तयार फळ, नूतन झेल्याने, देठ ठेवून. दापोलीच्या विद्यापीठाच्या या झेल्याचं कौतुक कितीही केलं तरी कमीच: पातं देठ कापतं, फळ जाळीत पडतं, हिसका बसत नाही. सगळे आंबे पाण्याच्या पिंपात टाकले. बुडाले ते घेतले, तरंगले ते बाजूला ठेवले. तरंगणारा आंबा कोवळा असतो, त्याला लेप लावून म्हातारा करण्यात अर्थ नाही.

दुपारभर सावलीत, संध्याकाळी लेप. अर्धा मिनिट बुडवायचा, निथळायचा, जाळीवर पंख्याखाली ठेवायचा. १ टक्क्याचा लेप पाऊण तासात सुकला. २ टक्क्यांचा रात्री दहालाही बोटाला लागत होता.

आजी बाहेर येऊन उभी राहिली. "आंब्याक न्हाऊ घालून पावडर लावतंस काय गो?"

१२ एप्रिल, शनिवार

पेजेचा ट्रे बाद. लेप सुकून तडकला आणि जुन्या भिंतीच्या चुन्यासारखे पोपडे निघाले. त्यावर मुंग्या. स्टार्चचा पापुद्रा कोरड्या हवेत फुटतो आणि दमट हवेत चिकटतो. आपल्याकडे दुपारी एक आणि पहाटे दुसरं. आई म्हणाली, "मग खळीत मीठ घालतात तसं काहीतरी घाल." ग्लिसरीन वाढवता आलं असतं, पण मुंग्यांनी हा प्रश्न माझ्या हातात ठेवला नाही. आंबे धुऊन पन्ह्याला दिले. आंबटच होते अजून.

१६ एप्रिल, बुधवार

आठवा दिवस. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक आंबा, देठावरचा नंबर बघून. सरासरी २५० ग्रॅमचा आंबा आज असा आहे: साधा २२८, कोरफड २३२, कायटोसान १ टक्का २३४, २ टक्के आणि खोबरेल २४०.

वजनात तेलवाला ट्रे पुढे, आणि यात नवल काही नाही. कायटोसान, स्टार्च, कोरफड ही सगळी पाण्याशी सख्य असलेली मंडळी. त्यांचा पापुद्रा ऑक्सिजनला चांगला अडवतो, पाण्याच्या वाफेला फारसा नाही. वाफ अडवायला तेल किंवा मेण लागतं. बाजारात मेण लावलेलं सफरचंद चकचकीत आणि टणक का राहतं ते यावरून कळावं.

साधे आंबे देठाकडून पिवळे व्हायला लागलेत, खांदे भरलेत. १ टक्का अजून पोपटी. २ टक्के असे हिरवेगार की आज तोडलेत असं वाटावं. बाबा ट्रेपाशी थोडा वेळ थांबले, काही बोलले नाहीत. त्यांचं हे गप्प राहणं मी होकार धरते.

१८ एप्रिल, शुक्रवार

साधा ट्रे पिकला. वासाने ओटी भरली. दोन कापले, एकात साका निघाला. बाहेरून काहीच खूण नव्हती. आत बाठ्याभोवती पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. लेपाचा त्याच्याशी संबंध नाही, साका आंबा झाडावर असतानाच धरतो. तरी नोंद वेगळी ठेवली, नाहीतर उद्या लेपातल्या आंब्यात साका निघाला की खापर लेपावर फुटेल. दापोलीने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली काढलेल्या 'रत्ना'त साका नसतो. आमच्याकडे दोन कलमं आहेत. पण गिऱ्हाईक फोनवर "रत्ना द्या" असं म्हणत नाही.

२१ एप्रिल, सोमवार

तेरावा दिवस. १ टक्क्याचे आंबे पिकले. साध्यापेक्षा तीन दिवस उशिरा, सुरकुत्या कमी, साल तजेलदार. रंग मात्र केशरी न होता लिंबूपिवळ्यावर थांबला. रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी १८, साध्याची १८.५ होती. म्हणजे फरक नाहीच.

खूश होऊन एक आजीच्या हातात दिला. तिने तो देठाकडून नाकाशी धरला, फिरवला, परत धरला.

"ह्येका वास खंय?"

"आजी, कापल्यावर येतो. गोड आहे."

"गोड साखर पण असता. वास नाय तर तो हापूस कसो?"

मी कापून फोड दिली. तिने खाल्ली, मान डोलावली, दुसरी मागितली. पण मुद्दा सोडला नाही, आणि तिचं चुकत नाहीये. आत जाणारा ऑक्सिजन जो पापुद्रा अडवतो, तोच बाहेर येणारा दरवळही अडवतो, आणि आत दरवळ तयार होणंही मंदावतं. हापूस लोक डोळ्यांनी घेतात थोडा, नाकाने जास्त. पेटी उघडल्यावर घर दरवळलं नाही तर पहिला फोन मला येणार.

कोरफडीने दोनच दिवस मिळाले. साल निस्तेज, आणि तीन आंब्यांच्या देठाशी काळं.

२३ एप्रिल, बुधवार

पंधरावा दिवस, २ टक्के आणि खोबरेल. बाहेरून अजून हिरवट-पिवळा, दाबला तर मऊ. कापला आणि माडीचा वास आला. अतिशयोक्ती करत नाही, शिळ्या माडीचाच. आत ऑक्सिजन इतका कमी झाला की आंब्याने बिनहवेचा श्वास सुरू केला, आणि त्यातून अल्कोहोल होतं. चार कापले, चारही तसेच. गडी हसत म्हणाला, "हे बाजारात न्या ताई, दोन्ही गिऱ्हाइकं येतील."

आठव्या दिवशी वजनकाट्यावर हाच ट्रे सगळ्यांच्या पुढे होता. नुसतं वजन लिहून थांबले असते तर याच लेपाची शिफारस केली असती.

२४ एप्रिल, गुरुवार

दुसरी फेरी. पहिल्या फेरीत जे काळं आलं ते बहुतेक देठकुज आणि करपा. त्यांची बुरशी झाडावरच फळात शिरून गप्प बसलेली असते आणि फळ पिकताना डोकं वर काढते. कायटोसान बुरशीला काही प्रमाणात आवरतं, पण आधीच आत शिरलेल्या चोराला बाहेरून कडी लावून काय होणार? म्हणून आधी गरम पाणी: ५२ अंश, दहा मिनिटं. अंगणात चूल, मोठं पातेलं, थर्मामीटर. बाबा जाळ सांभाळत होते. एकदा लाकूड जास्त सरकलं आणि ५६ झालं, त्या खेपेच्या सात आंब्यांच्या सालीवर भाजल्यासारखे डाग पडले. ते आम्ही खाणार.

चीकही नीट काढला. देठ सेंटिमीटरभर ठेवून तोडायचा, मग कापून आंबा तासभर उलटा ठेवायचा. पहिल्या फेरीत काही आंब्यांवर चीक ओघळलेला होता आणि लेपाखाली त्याचा तपकिरी ओघळ पक्का झाला, काचेखाली तसबीर लावावी तसा. तोड चुकली की लेप ती चूक झाकत नाही, जपून ठेवतो.

या वेळी एकच लेप, कायटोसान १ टक्का, पण दोन वेळा निरनिराळ्या. 'अ' गटाला आजच. 'ब' गट आधी पेंढ्याच्या अढीत, आणि रंग फिरायला लागला की मग लेप. ही कल्पना आजीची. तिचे शब्द, "आधी वास येवंदे, मगे झाकून ठेव."

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. घरात पाय ठेवायला जागा नाही. 'ब' गटाला सकाळी लेप दिला, बाकी दिवस पेट्या.

२ मे, शुक्रवार

'अ' आणि 'ब'चे एकेक डझन रात्रीच्या गाडीने पुण्याला दादाकडे. तो तीन ओळखीच्या घरी देणार आहे. पैसे घ्यायचे नाहीत आणि लेप कशाचा ते आधी सांगायचं, हे त्याला दोनदा बजावलं. विकायचा विचारही सध्या नाही. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत ताज्या फळांवरच्या मेणाच्या लेपासाठी मधमाशीचं मेण, कार्नौबा आणि शेलॅक यांची नावं आहेत, तीही लेबलावर लिहायच्या अटीवर. कायटोसान त्या यादीत नाही.

६ मे, मंगळवार

दादाचा फोन. पहिल्या घरी 'ब' आवडला, 'अ' "जरा फिका". दुसऱ्या घरी दोन्ही आवडले, पण तिथे लहान मुलं आहेत आणि कुठलाही आंबा आवडतो, त्यामुळे ते मत मी मोजत नाही. तिसऱ्या घरच्या काकूंनी पेटी दारातूनच परत केली. कोळंबीच्या सालीचा आंबा देवापुढे कसा ठेवायचा?

मी दादाला समजवायला लागले की पूड शुद्ध असते, मांस नसतं, आंब्याची साल तर आपण काढूनच टाकतो. तो म्हणाला, "हे मला नको सांगू, मी कोळंबी खातो."

संध्याकाळभर हेच डोक्यात होतं. काकूंचं म्हणणं बरोबर आहे. ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांचा प्रश्न तर श्रद्धेचाही नाही. सांगितलं म्हणून त्यांना नाही म्हणता आलं. न सांगता पाठवलं असतं तर कुणालाच कळलं नसतं, आणि मला नेमकं तेच नको आहे. दुसरे पर्याय बघायला गेलं तर शेलॅक लाखेच्या किड्याचं आणि मेण मधमाशीचं. कार्नौबा झाडाच्या पानावरचं खरं, पण ते झाड ब्राझीलचं. किनाऱ्यावर बसून आंबा विकायचा आणि लेप तिथून मागवायचा.

७ मे, बुधवार

'ब' गट घरी तपासला. लेपानंतर साध्यापेक्षा दोनच दिवस जास्त मिळाले. पिकायचा जोर एकदा चढला की पापुद्रा त्याला थोडाच आवरतो. पण रंग पुरा आणि वासही बराचसा. 'अ'ला साडेतीन-चार दिवस मिळाले, पण वास अर्धा. देठाशी काळं 'अ'मध्ये एक, 'ब'मध्ये एकही नाही, आणि लेप नसलेल्या पण गरम पाण्यातून काढलेल्या डझनातही एकच.

हा शेवटचा आकडा मी तीनदा बघितला. म्हणजे बुरशीपुरतं बरंचसं काम चुलीवरच्या पातेल्याने केलंय आणि श्रेय मी लेपाला देत होते.

१२ मे, सोमवार

तिसरी फेरी, वनस्पतीजन्य. बाभूळवर्गातल्या झाडाचा खाण्याचा डिंक, १० टक्के, कोमट पाण्यात. सोबत तुलनेला कायटोसान १ टक्का, गरम पाण्यानंतर, तोडीच्या दिवशीच. आणि एक डझन फक्त गरम पाण्याचे. डिंक छान पसरतो, चमक देतो, वास शून्य. बाबांनी पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, "ह्यो कितीक पडता लिटरमागे?"

१७ मे, शनिवार

डिंकाचा ट्रे सुरेख दिसतोय. वजन कायटोसानइतकंच. काही लिहिण्यासारखं नाही, हीच चांगली बातमी.

२१ मे, बुधवार

कालपासून पाऊस, आणि हा वळीव नाही, झड लागल्यासारखा. रात्री वीज गेली ती अजून नाही. झाडावर अजून माल आहे. बाबा, काका, गडी सगळे भिजत तोडतायत. भिजलेला आंबा अढीत टिकत नाही, जेवढा जमेल तेवढा कॅनिंगला.

डिंकाचा लेप पाघळला. हवेतलं पाणी पिऊन आंबे एकमेकांना आणि ट्रेला चिकटले. उचलताना पेंढ्याची काडी सालीसकट आली. नऊ दिवस चांगला वागला आणि एका रात्रीत लाडवाचा पाक झाला. एप्रिलच्या हवेत चालेल, मेअखेर नाही. वितळवून थोडं मधमाशीचं मेण मिसळलं तर टिकेल असं वाटतं, पण मग मधमाशीचा प्रश्न परत आलाच.

२५ मे, रविवार

मोबाइलला रेंज आली तेव्हा बातमी वाचली, मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने आज जाहीर केलं. काल केरळात, आज आमच्या दारात. आईने लोणच्याच्या बरण्या वरच्या फळीवर चढवल्या. खळ्यातली आंबापोळी अर्धी ओलीच घरात आणली होती, ती चुलीच्या उबेला ठेवलीय.

फक्त गरम पाण्याचा डझन परवाच संपला, चांगला होता. कायटोसानचे सहा शिल्लक आहेत.

पुढच्या वर्षी आधी पातेलं नीट करायचं: तापमान धरून ठेवणारी टाकी, पन्नास किलो एका खेपेला. लेप त्यानंतर, आणि तोही रंग फिरल्यावर, फक्त लांबच्या पेट्यांना. बाबांना हा हिशेब पटलाय, कारण टाकी दिसते आणि पापुद्रा दिसत नाही.

२७ मे, मंगळवार

पंधरावा दिवस. सहातले पाच कापले, चार उत्तम, एक देठाशी गेलेला. सहावा आजीसमोर ठेवला. बाहेर कौलांवरून पाण्याच्या धारा, वीज नाही, घरभर ओल्या पेंढ्याचा वास, त्यात आंब्याचा वास कुणाला कळायला?

तिने तो दोन्ही हातांत घेतला. देठ नाकाशी नेला, डोळे मिटले, अंगठ्याने खांदा दाबून बघितला. मग उठून सुक्या पेंढ्याच्या कोपऱ्यात परत ठेवून आली.

"आज नको. आजून एक दीस रवांदे."